वाढत्या वयाचे कान आणि घरातले स्पीकर

संध्याकाळी सातच्या सुमारास गुलमंडीच्या चौकात उभे राहावे, तर सुपारी हनुमान मंदिरातील घंटा, पैठण गेटकडून येणाऱ्या दुचाकींचे भोंगे आणि दुकानांपुढचा गलका एकमेकांत मिसळून कानांवर येतो. या दुकानांच्या माड्यांवर आणि मागच्या गल्ल्यांत कुटुंबे राहतात. सत्तरी ओलांडलेले एखादे आजोबा याच वेळी बातम्या किंवा अभंग ऐकायला बसतात. ते टीव्हीचा आवाज वाढवतात, सून तो कमी करते, ते पुन्हा वाढवतात. असे काही महिने चालते आणि मग एके दिवशी आजोबा म्हणतात, ‘‘राहू दे, मला नाही ऐकायचं.’’ घरात शांतता होते आणि बहुधा कुणाला त्यात काही वावगे वाटत नाही.

आपल्या घरी हे वाक्य उच्चारले गेले असेल, तर पुढील मजकूर सवडीने वाचावा. ऐकणे सोडलेले माणूस हळूहळू बोलणेही कमी करते. उतारवयातील दुर्लक्षित श्रवणदोषाची गणना ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ या तिन्ही अहवालांत स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींमध्ये केली आहे. चांगला स्पीकर हा श्रवणदोषावरचा उपचार नव्हे. परंतु तो नीट निवडला आणि नीट मांडला, तर अर्धवट ऐकू येणाऱ्या माणसालाही पुन्हा ऐकावेसे वाटू लागते.

प्रथम कानाची अडचण समजून घेऊ. वय वाढते तशा आतल्या कानातील केसांसारख्या सूक्ष्म पेशी झिजतात, आणि त्यांतही उंच पट्टीतील आवाज टिपणाऱ्या पेशी आधी. अ, आ, ओ या स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. ते बराच काळ नीट ऐकू येतात. स, श, त, थ, फ या व्यंजनांची ओळख पटवणारा भाग मात्र प्रामुख्याने २००० हर्ट्झच्या वर असतो. ‘स’चा तर ४००० हर्ट्झच्याही वर. त्यामुळे ‘साठ’ आणि ‘आठ’, ‘सात’ आणि ‘हात’ यांतला फरकच नाहीसा होतो. ‘‘ओरडू नकोस, नीट बोल,’’ ही वडीलधाऱ्यांची तक्रार चिडचिडेपणातून आलेली नसते. ती शब्दशः खरी असते. त्यात आणखी एक गुंता असा की, अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि थोडा मोठा केला की तोच आवाज एकदम बोचू लागतो. ऐकू येणे आणि सहन न होणे यांच्यामधली पट्टी अरुंद झालेली असते.

दुकानात गेल्यावर हे सारे विसरायला लावणारा एक आकडा समोर येतो, तो म्हणजे वॅट. खोक्यावर ‘पीएमपीओ’ अशी अक्षरे आणि त्यापुढे हजारांतला आकडा असेल, तर त्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे. तो आकडा क्षणभराच्या कल्पित जोराचा असतो. ‘आरएमएस’ म्हणून दिलेला आकडा तेवढा विचारात घ्यावा, आणि दहा-बारा फुटांच्या खोलीला दर बाजूस वीस-तीस वॅट पुरून उरतात. स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’ दिलेली असते. एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, हे ती सांगते. ८६ ते ९० डेसिबल म्हणजे घरासाठी उत्तम. माझ्या मते ज्येष्ठांच्या खोलीसाठी दोन मध्यम आकाराचे, कपाटाच्या फळीवर बसतील असे स्पीकर घ्यावेत आणि धमधमणारा वेगळा सबवूफर टाळावा. खालच्या पट्टीतला जोरदार आवाज वरच्या पट्टीतल्या नाजूक आवाजाला झाकून टाकतो. म्हणजे बास जितका फुगेल, तितका ‘स’ आणखी बुडेल.

निवड करताना स्वतः आजोबांना किंवा आजींना दुकानात न्यावे. ते शक्य नसेल, तर चार दिवस घरी ऐकून परत करण्याची मुभा मागावी. सोबत आपल्या ओळखीचे ध्वनिमुद्रण असावे. विक्रेता लावून दाखवतो ते ढोल-ताशांचे चकचकीत संगीत कोणत्याही स्पीकरवर भारावूनच टाकते. त्याऐवजी बातमीपत्र लावावे, एखादे कीर्तन लावावे, नुसता तानपुरा लावावा. हळू आवाजातही निवेदकाचे शब्द सुटे सुटे कळले, तर स्पीकर कामाचा. याच शहरात पं. नाथराव नेरळकर यांना प्रत्यक्ष ऐकलेली पिढी आज आपल्या घरात आहे. गळ्यातून निघालेला सूर कसा असतो, हे तिला माहिती-पत्रकावरून शिकायचे नाही. तिचा कौल अखेरचा मानावा.

आता मांडणीकडे वळू, कारण खरा लाभ इथेच आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की थेट पोहोचणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो. बारा फुटांवरचा स्पीकर तीन फुटांवर आणला, तर ही वाढ बारा डेसिबलची होते. एवढीच वाढ अ‍ॅम्प्लिफायरमधून मिळवायची म्हटले, तर सोळा पट ताकद लागेल! शिवाय जवळून येणाऱ्या आवाजात भिंतींवरून परतणाऱ्या घुमाऱ्याचे प्रमाण कमी असल्यामुळे शब्द स्वच्छ होतात, आणि स्वयंपाकघरातल्या माणसांना त्रासही होत नाही. स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंनाच असले पाहिजेत, हा आपला संकेत आहे. आजींच्या आरामखुर्चीपासून तीन-चार फुटांवर ते ठेवले, तर कुठलाच नियम मोडत नाही.

गुलमंडीतील आणि आसपासच्या गल्ल्यांतील जुन्या वाड्यांत जाड भिंतींना कोनाडे असतात. स्पीकर ठेवायला ही जागा फार मोहात पाडते. ‘‘जणू त्याच्यासाठीच केली आहे,’’ असे घरचे म्हणतात. तीन बाजूंनी दगड-चुन्याच्या भिंतीने वेढलेल्या त्या पोकळीत आवाज घुमतो, बास दुप्पट जड होतो आणि शब्द चिखलात रुततात. पाठीमागे गोल भोक असलेल्या स्पीकरचे तर तिथे हमखास बिनसते. स्पीकर कोनाड्यातून आणि कोपऱ्यातून बाहेर काढावा, भिंतीपासून निदान हातभर पुढे ठेवावा. जागाच नसेल, तर त्या भोकात फोमचा बोळा हलकेच बसवावा. फरक लगेच जाणवतो. कोनाड्यात देवघर किंवा पुस्तके बरी.

बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण तीन फुटांवर असतो. स्पीकरमधली लहान चकती, म्हणजे ट्वीटर, त्याच उंचीवर हवी. उंच पट्टीतील आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. स्पीकर कपाटाच्या माथ्यावर ठेवला, तर तो झोत डोक्यावरून निघून जातो आणि नेमकी कमी ऐकू येणारी व्यंजनेच हरवतात. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, तोंडे किंचित ऐकणाऱ्याकडे वळलेली असावीत. पलंगावरच खिळलेल्या रुग्णासाठी ही उंची उशीवरून मोजावी. वायरी जोडताना लाल टोक लाल खाचेत, काळे काळ्यात, हे दोन्ही बाजूंना तपासावे. एका बाजूला उलट जोडले गेले, तर आवाज पोकळ होतो आणि गायक खोलीत कुठे उभा आहे, हे कळेनासे होते.

शहाबादी फरशी, चुन्याच्या किंवा सिमेंटच्या भिंती आणि मोजके सामान असलेली खोली टाळी वाजवली की उत्तर देते. त्या घुमाऱ्यात म्हाताऱ्या कानाची फार दमछाक होते. जमिनीवर सतरंजी अंथरावी, समोरच्या भिंतीवर पुस्तकांचे कपाट असावे, खिडकीला जाड पडदा. आपल्या शहराच्या हिमरूची शोभा मी कमी लेखत नाही, पण आवाज शोषण्याच्या कामी घडी घातलेली गोधडी त्याहून सरस! रस्त्याकडची खिडकी ही स्वतंत्र डोकेदुखी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत व्यापारी भागासाठी दिवसा ६५ डेसिबलची मर्यादा आहे. साधे घरगुती बोलणेही त्याच पातळीच्या आसपास असते. त्यामुळे स्पीकर कधीही रस्त्याकडच्या भिंतीला ठेवू नयेत. गोंगाट एका दिशेने आणि गाणे दुसऱ्या दिशेने आले, तर मेंदूला दोन्ही वेगळे करणे सोपे जाते.

टीव्हीचे बोलणे कळत नसेल, तर दोष सर्वस्वी कानाचा मानू नये. जुन्या ट्यूबच्या टीव्हीला समोर किंवा बाजूला स्पीकरसाठी जागा असे. आजच्या चपट्या टीव्हीत तो बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतो. त्याचा आवाज बाहेरच्या स्पीकरमधून न्यावा. ‘डायलॉग’ किंवा ‘व्हॉइस’ अशी सोय असल्यास ती सुरू करावी, बास थोडा कमी आणि ट्रेबल थोडा जास्त ठेवावा. एकाच कानाने ऐकणाऱ्यांसाठी ‘मोनो’ची सोय शोधावी, नाहीतर एका बाजूचे वाद्य त्यांच्यापुरते गायबच होते. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ही सारी जुळवाजुळव यंत्र कानात घालूनच करावी. बोलण्यासाठी जुळवलेले यंत्र संगीत कधी कधी कर्कश करते. यंत्रात संगीतासाठी वेगळी जुळणी करता येते का, हे श्रवणतज्ज्ञांना आवर्जून विचारावे.

काळजी घेणाऱ्यांसाठी काही गोष्टी. वायर चालण्याच्या वाटेवरून नेऊ नये. उतारवयात पडून खुबा मोडणे हे कमी ऐकू येण्यापेक्षा कितीतरी महाग पडते. उंच स्टँड असेल तर तो भिंतीला बांधावा, कारण तोल जाताना हात पहिल्यांदा त्याच्याकडेच जातो. स्पीकरमध्ये लोहचुंबक असते. पेसमेकर बसवलेल्यांनी स्पीकर छातीशी धरून उचलू नये, वीतभर अंतर राखावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित आहे, ९० डेसिबल मात्र केवळ चार तास; शेजारी अभ्यासाला बसलेल्या नातवंडांसाठीही हा हिशेब लक्षात असू द्यावा. आवाजाच्या बटणावर सर्वांना चालेल त्या खुणेपाशी एक टिकली चिकटवावी. ‘‘टिकलीपर्यंत’’ म्हटले की वाद उरत नाही.

सगळे मांडून झाल्यावर एखादे जुने, मोनो काळातले गाणे लावावे आणि डोळे मिटून बसावे. गायकाचा आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून यायला हवा. खुर्ची वीतभर पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवत तो मध्य सापडला, की खुर्चीच्या पायांच्या जागी खडूने खूण करावी, म्हणजे फरशी पुसल्यावर खुर्ची पुन्हा तिथेच येईल. आवाज सतत एकीकडे ओढला जात असेल, तर खुर्ची उलटी फिरवून स्पीकरकडे पाठ करून बसावे. आवाज आता दुसऱ्या कानाकडे गेला, तर स्पीकर किंवा खोली तपासावी. तो पूर्वीच्याच कानाकडे राहिला, तर मात्र कान-नाक-घसातज्ज्ञांची वेळ घ्यावी. पुष्कळदा मळच निघतो. एका कानाचे ऐकणे एक-दोन दिवसांत अचानक गेले असेल, तर वेळ मिळण्याचीही वाट पाहू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण अशा बहिरेपणावरील उपचारांचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक होतो.