नवीन सॉफ्टवेअरचे पैसे देण्याआधी सर्टिफिकेट वाचा!

दुकानातलं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर अचानक 'सर्टिफिकेट एरर' दाखवतं आणि डेव्हलपर म्हणतो, "आता नवीनच घ्या." जरा थांबा. आधी त्याच्याकडून सर्टिफिकेटची फाइल मागून घ्या. विंडोजमध्ये डबल क्लिक केलं की ती उघडते.

तीन गोष्टी बघा: कोणाच्या नावावर आहे, कोणी दिलंय, कधीपर्यंत चालतं.

१. मुदत संपलीय? सर्टिफिकेट रिन्यू करायला सांगा.
२. मुदत आहे? कॉम्प्युटरची तारीख बघा. आतला सेल उतरला की ती मागे जाते.
३. तारीखही बरोबर? मग सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं 'रूट' तपासा. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्ट वापरत असलेलं एक जुनं रूट संपलं, तेव्हा अपडेट न केलेली कितीतरी मशीन अशीच अडली. नवीन रूट टाकणं हे काही मिनिटांचं काम आहे.

डेव्हलपर म्हणाला, "जुन्या प्रोग्रॅममधून सर्टिफिकेट वाचता येत नाही", तर त्याला सांगा: विंडोज ७ मध्येही 'सर्टयूटिल' असतं, जावासोबत 'कीटूल' येतं. प्रोग्रॅममधून तेच चालवायचं आणि तारीख वाचायची. वेगळी लायब्ररी विकत घ्यायची गरज नाही.

आणि हो, पीएफएक्स फाइल आणि तिचा पासवर्ड व्हॉट्सॅपवर कोणालाही पाठवू नका. त्यात तुमची खाजगी किल्ली असते!