योनीबाहेरची त्वचा : नेहमीचं काय, दाखवावं काय

नेहमीचं : आजूबाजूपेक्षा गडद रंग, बारीक पिवळसर दाणे. गरोदरपणात रंग आणखी गडद होतो.

पांढरे डाग : कोडात फक्त रंग जातो, खाज सहसा नसते. लायकेन स्क्लेरोसस या त्वचारोगात त्वचा चुरगळलेल्या कागदासारखी दिसते, रात्री खाज छळते. पाळी गेल्यावर जास्त. लहान मुलींनाही होतो. थोड्या जणींत पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून नियमित तपासणी.

लाली, खाज, दह्यासारखा स्राव : बहुधा कँडिडा बुरशी. वारंवार झाल्यास रक्तातली साखर तपासतात. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉईडमिश्रित ट्यूबनं (ती बऱ्याच घरांत असतेच) खाज तात्पुरती दबते, बुरशी बळावते.

लगेच दाखवा : न भरणारी जखम, गाठ, रक्तस्राव, बदलणारा काळा डाग.

कुठे : छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालयाचा स्त्रीरोग किंवा त्वचारोग विभाग.