दारातले शूर्पारक

सहावीच्या वर्गात सम्राट अशोक शिकवताना वसई-विरारच्या शिक्षकांना उदाहरण शोधत दूर जावे लागत नाही. आजचा नालासोपारा म्हणजेच प्राचीन शूर्पारक बंदर.

■ स्तूप : नालासोपारा पश्चिमेला. ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने ओळखली जाणारी ही टेकडी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२मध्ये खणली.

■ आत काय होते? : दगडी पेटीत एकात एक ठेवलेले तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोन्याचे करंडक, सोन्याची फुले, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे, मैत्रेय व सात बुद्धांच्या मिळून आठ मूर्ती.

■ शिलालेख : अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा १८८२मध्ये, तर नवव्याचा १९५६मध्ये भुईगावला सापडला. लिपी ब्राह्मी. पोकळ विधींपेक्षा सेवकांशी नीट वागणे आणि गुरुजनांचा मान राखणे श्रेष्ठ, हा नवव्या लेखाचा आशय मुलांना सहज भिडतो.

■ वर्गात विचारा : नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले, मूर्ती त्यानंतर कित्येक शतकांनी घडवलेल्या. मग दोन्ही एकाच पेटीत कशी? उत्तर शोधताना मुले पुराव्यावरून तर्क करायला शिकतात. इतिहासाचा अभ्यास खऱ्या अर्थाने इथेच सुरू होतो.