क्रियापदाचा सोबती



'सासू सुनेशीं बोलली' आणि 'सासू सुनेला बोलली' या दोन वाक्यांतील भेद मराठी घरांत कोणालाहि समजावून सांगावा लागत नाहीं. पहिल्यांत संभाषण आहे, दुसऱ्यांत कानउघाडणी. क्रियापद तेंच; पण 'शीं'च्या जागीं 'ला' आला आणि घरांतील वातावरण पालटलें. स्पॅनिश भाषेच्या क्रियापदांचें एक मर्म या लहानशा उदाहरणांत सांठविलेलें आहे.

स्पॅनिश ही स्पेनची, तशीच मध्य व दक्षिण अमेरिकेंतील बहुतेक राष्ट्रांची भाषा. तिच्या नामांना आपल्यासारखे विभक्तिप्रत्यय नाहींत. तें काम नामापूर्वीं येणारीं 'आ', 'दे', 'एन', 'कोन' यांसारखीं अव्ययें करितात. स्थूलमानानें 'आ' म्हणजे 'ला' किंवा 'कडे', 'दे' म्हणजे 'चा' किंवा 'पासून', 'एन' म्हणजे 'मध्यें' आणि 'कोन' म्हणजे 'सह'. परंतु विशिष्ट क्रियापदाशीं यांची जोडी जमली कीं निराळाच अर्थ उभा राहतो. संस्कृतांत 'हृ' या एकाच धातूपासून उपसर्गभेदानें आहार, विहार, प्रहार आणि संहार होतात, तसाच कांहींसा हा प्रकार. भेद इतकाच कीं, उपसर्ग धातूच्या आधीं लागून त्याशीं एकरूप होतो. स्पॅनिश अव्यय मात्र क्रियापदामागून स्वतंत्रपणें चालतें.

'कोन्तार' म्हणजे मोजणें किंवा कथन करणें. 'कोन्तार कोन' म्हणजे भरंवसा ठेवणें. 'कुएन्तो कोन उस्तेद' असें कोणी म्हणाला, तर तो आपणांस मोजीत नसतो; 'आपल्यावर माझी भिस्त आहे' असें सांगत असतो. 'दार' म्हणजे देणें. परंतु 'दार कोन' म्हणजे शोधतां शोधतां एखादी वस्तु सांपडणें. तेथें देण्याचा मागमूसहि उरत नाहीं.

'आकाबार' म्हणजे संपविणें. 'आकाबार कोन' म्हणजे नायनाट करणें. 'आकाबो दे कोमेर' म्हणजे 'मी आतांच जेवलों'. याच 'आकाबार दे'मागें नकार आला, तर अर्थ पुन्हा वळण घेतो. 'नो आकाबो दे एन्तेन्देर' म्हणजे 'मला अजून नीटसें उमगत नाहीं'.

'देहार' हें क्रियापद तर फारच जपून वापरावें. त्याचा अर्थ सोडणें, तसाच करूं देणें. 'देहार दे' म्हणजे एखादी क्रिया थांबविणें. परगांवीं निघालेल्या मुलास आई म्हणते, 'नो देहेस दे एस्क्रिबिर', म्हणजे 'पत्र लिहिल्यावांचून राहूं नकोस'. यांतील इवलासा 'दे' गळला, तर 'लिहूं देऊं नकोस' असा अर्थ होईल! आईची माया जाऊन तिच्या जागीं मनाई येईल.

'आ' या अव्ययाची गंमत मराठी माणसास लवकर कळते. आपण 'डॉक्टर शोधतों' तेव्हां कोणताहि डॉक्टर चालतो. 'डॉक्टरांना शोधतों' तेव्हां ठराविक गृहस्थ मनांत असतात. स्पॅनिशमध्यें 'बुस्को उन मेदिको' आणि 'बुस्को आ उन मेदिको' यांत हाच भेद आहे. 'केरेर' या क्रियापदाशीं तो आणखी दूर जातो. 'किएरो उन मेदिको' म्हणजे 'मला डॉक्टर हवा'. 'किएरो आ उन मेदिको' म्हणजे 'माझें एका डॉक्टरवर प्रेम आहे'. रुग्णशय्येवरून बोलणाऱ्यानें हा 'आ' विचारपूर्वक उच्चारावा!

इंग्रजींतून ही भाषा शिकणाऱ्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. इंग्रजींत अशा अव्ययापुढें बहुधा 'इंग'कारान्त रूप येतें. स्पॅनिशमध्यें क्रियापदाचें मूळ रूपच येतें. 'धूम्रपान सोडणें' हें 'देहार दे फुमार' असेंच म्हणावें लागतें. दुसरें, इंग्रजी प्रश्नांत अव्यय पुष्कळदां शेवटीं लोंबतें. स्पॅनिशमध्यें त्यास प्रश्नाच्या आरंभींच बसवावें लागतें. 'पेन्सार एन' म्हणजे एखाद्या गोष्टीचा विचार मनांत असणें. म्हणून 'कसला विचार करतोस?' हा प्रश्न 'एन के पिएन्सास?' असा होतो.

सबब विद्यार्थ्यानें वहींत एकटें क्रियापद लिहूं नये. त्याचें अव्यय जोडीस लिहावें आणि शेजारीं एक छोटें वाक्य द्यावें. एकेका अव्ययाचा अर्थ वेगळा पाठ करून तो प्रत्येक ठिकाणीं लावूं पाहणारा पदोपदीं अडखळेल. माणसाची खरी ओळख त्याच्या सोबत्यावरून पटते म्हणतात. स्पॅनिश क्रियापदाचीहि ओळख तशीच करून घ्यावी.