दोनदा डोक्यावर येणारा सूर्य

उन्हाळा कशामुळे होतो, असं विचारलं की चांगली शिकलेली माणसंही सांगून मोकळी होतात, 'तेव्हा पृथ्वी सूर्याच्या जवळ असते.' प्रत्यक्षात ती सूर्याच्या सर्वांत जवळ येते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपल्याकडे स्वेटर बाहेर निघालेले असतात तेव्हा. त्या वेळी हे अंतर सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटर असतं आणि जुलैच्या आरंभी ते १५ कोटी २० लाखांवर जातं. साऱ्या पृथ्वीचा हिशेब केला तर जानेवारीत जुलैपेक्षा सुमारे सात टक्के जास्तच ऊन मिळतं. तरी निफाडला हुडहुडी भरते आणि ऑस्ट्रेलियात उकडत असतं.

कारण आहे पृथ्वीच्या आसाचा कल. तो साधारण २३.४ अंश आहे. सूर्याभोवती फिरताना आस वर्षभर ध्रुवताऱ्याकडेच रोखलेला राहतो. त्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, तर डिसेंबरमध्ये त्याच्यापासून दूर कललेला. बॅटरीचा झोत जमिनीवर सरळ टाकून पाहा, लहानसा लख्ख गोल दिसेल. तीच बॅटरी तिरपी धरा, गोल लांबट होईल आणि फिका पडेल. उन्हाचंही तसंच. २१ डिसेंबरला मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो आणि दिवस अकरा तासांचा. जूनमध्ये दिवस तेरा तासांच्या वर जातो. (खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं, संक्रांतीला नव्हे. पण तो विषय वेगळा.)

आता आपल्या दारातलीच गोष्ट. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून, गुजरात-मध्य प्रदेशातून जातं. त्यामुळे महाराष्ट्र आणि गोव्यात सर्वत्र सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. दिल्लीकरांना हे भाग्य नाही. मुंबईत १५ मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी अंगणात बाटली उभी करा, तिची सावली बुडाखाली गडप होते. नागपुरात हा दिवस २६ मेच्या आसपास येतो, वेळ १२ वाजून १० मिनिटं. मुलांना हे एकदा दाखवाच. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा ते जास्त पक्कं लक्षात राहतं.

दुसरी खेप जुलैत येते. मुंबईत २८ च्या, नागपुरात १७ च्या सुमारास. सूर्य तोच, कोन तोच, पण मेसारखी काहिली नसते. मधे ढग आलेले असतात, जमीन भिजलेली असते. म्हणजे नुसत्या कलाचा हिशेब मांडून आपला उन्हाळा कळत नाही. तसं असतं तर सर्वांत कडक ऊन २१ जूनच्या आगेमागे पडलं असतं. पाऊस वेळेवर येतो म्हणून आपण त्यातून सुटतो.

आणि तो लांबला तर? नागपुरात मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत, म्हणजे तब्बल सात आठवडे, दुपारचा सूर्य माथ्यापासून अडीच अंशही ढळत नाही. मृग कोरडा गेला की विदर्भात पेरणीच्या तयारीला शेतात उतरलेला माणूस मेच्याच उन्हात उभा असतो. कॅलेंडरावर जून लागला म्हणून डोक्यावरचं उपरणं आणि सोबतची पाण्याची बाटली घरी ठेवायची नाही. उष्माघात महिना पाहून येत नाही.