पुन्हा खेळला जाणारा खेळ : सातारा-सांगली परिसरातील जुन्या व्हिडिओ गेमांचा विचार

एकदा वाचलेला ग्रंथ वाचक पुन्हा हाती घेतो, किंवा ऐकलेली चीज रसिक पुन्हा ऐकतो, ह्यात कोणास नवल वाटत नाही. व्हिडिओ गेमसंबंधी मात्र निराळी समजूत रूढ आहे. नवे यंत्र आले की जुना खेळ बाद होतो; त्यानंतरही कोणी तो खेळत असेल तर ते बालपणाच्या आठवणीत रमणे होय, असे मानले जाते. ही समजूत तपासून पाहण्यास सातारा व सांगली हे जिल्हे दोन कारणांनी सोयीचे आहेत. एक तर ह्या भागात व्हिडिओ गेम आला तो मूळ कंपनीच्या यंत्रावरून नव्हे, तर नकली यंत्रांतून व कॅसेटींतून. त्यामुळे त्याचा इतिहास जवळजवळ सर्वस्वी तोंडी आहे. दुसरे असे की, जुना डाव पुन्हा मांडून त्याचा अभ्यास करण्याची परंपरा सांगलीस बुद्धिबळाच्या रूपाने पूर्वीपासूनच लाभलेली आहे.

स्मरणरंजन हे पुनरावृत्तीचे एक कारण आहे, हे नाकारता येत नाही. १९९० नंतरच्या दशकात सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज येथील शाळांत असलेली मुले आज मध्यमवयीन आहेत, आणि त्यांतील अनेकजण ‘मारिओ’ व ‘काँट्रा’ हे खेळ भ्रमणध्वनीवर किंवा संगणकावर पुन्हा खेळतात. परंतु ज्यांचा त्या काळाशी काही संबंध नाही, असेही लोक हे खेळ खेळतात. ‘टेट्रिस’ची निन्टेंडो यंत्रावरील आवृत्ती १९८९ ची. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील एका १३ वर्षांच्या मुलाने ती १५७ व्या पातळीपर्यंत नेली, आणि तेथे खेळाचा प्रोग्रॅमच थबकला. त्या मुलाच्या जन्माआधी २० वर्षांहून अधिक काळ हा खेळ अस्तित्वात होता. येथे आठवणीचा प्रश्नच उद्भवत नाही. तेव्हा जुन्या खेळाच्या रचनेतच पुनरावृत्तीस अनुकूल असे काही असले पाहिजे.

यंत्र, कॅसेट व वीज

ह्या खेळांचे मूळ यंत्र निन्टेंडो कंपनीचे ‘फॅमिकॉम’ होय. ते १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आले. त्यातील प्रक्रियक ८ बिटांचा, त्याची गती सुमारे १.७९ मेगाहर्ट्झ, व कामचलाऊ स्मृती अवघी २ किलोबाइट होती. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ह्या खेळाचा सगळा पसारा ४० किलोबाइटांत बसविलेला आहे. जागा वाचविण्यासाठी त्यात ढग आणि झुडूप ह्यांकरिता एकच आकृती वापरली असून केवळ रंग बदलला आहे. ही काटकसर नियमांतही उतरली. धावणे, उडी मारणे व आग फेकणे एवढ्याच क्रिया. परंतु उडीची लांबी धावण्याच्या वेगावर, आणि तिची उंची बटण किती वेळ दाबले ह्यावर अवलंबून. नियम थोडे, पण त्यांतून उत्पन्न होणाऱ्या परिस्थिती असंख्य, असे हे स्वरूप आहे. शिवाय यंत्र त्याच स्थितीत त्याच क्रियेला तोच प्रतिसाद देते. म्हणून चूक खेळाडूची ठरते आणि सराव सार्थकी लागतो.

त्या काळी हे यंत्र भारतात अधिकृतपणे घरोघर पोचले नाही. त्याच्या नकला ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी मिळू लागल्या. दूरचित्रवाणी संचाला जोडून त्या चालविल्या जात. एकाच कॅसेटमध्ये हजारो खेळ असल्याचे वेष्टनावर छापलेले असे. प्रत्यक्षात थोडेच खेळ निरनिराळ्या क्रमांकांखाली पुन्हा पुन्हा आलेले असत. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्या तोंडाशी फुंकर मारण्याचा उपाय सर्वांना ठाऊक होता. वस्तुतः गुण फुंकरीचा नव्हे, तर कॅसेट काढून पुन्हा बसविल्याने धातूच्या पट्ट्यांचा संपर्क नीट जुळण्याचा होता. उलट फुंकरीतील ओलाव्याने त्या पट्ट्या कालांतराने गंजतात.

ह्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे बहुतेक कॅसेटींत झालेला खेळ साठवून ठेवण्याची सोय नव्हती. १९८७ मध्ये ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ ह्या खेळाच्या अमेरिकी कॅसेटमध्ये त्याकरिता छोटी बॅटरी बसविली होती; परंतु ‘मारिओ’ किंवा ‘काँट्रा’ ह्यांत तसे काही नव्हते. वीज गेली की खेळ मुळापासून नाहीसा होई, आणि वीज जाणे ही ह्या भागातील नित्याची बाब होती. परिणामी खेळाचा पहिला टप्पा शेकडो वेळा खेळला गेला, आणि अखेरचा टप्पा फारच थोड्यांनी पाहिला. आज तोच मनुष्य त्या खेळाकडे वळतो तेव्हा तो केवळ ओळखीच्या जागी परतत नाही; वीज, वेळ किंवा वडिलधाऱ्यांची हाक ह्यांमुळे अर्धवट राहिलेले काम तो पुरे करू पाहतो. पुनरावृत्तीचे हे कारण स्मरणरंजनाहून निश्चितच वेगळे आहे.

एक मौखिक परंपरा व तिचा पाठभेद

ह्या कॅसेटींबरोबर माहितीपुस्तिका क्वचितच येई. त्यामुळे खेळासंबंधीचे ज्ञान कर्णोपकर्णी पसरले. १९८८ च्या ‘काँट्रा’मध्ये खेळाडूस ३ ‘लाइफ’ मिळतात. परंतु आरंभीच्या पडद्यावर ‘वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए’ अशा क्रमाने बटणे दाबल्यास ३० मिळतात. हा क्रम कोनामी कंपनीतील काझुहिसा हाशिमोटो ह्यांनी १९८६ च्या ‘ग्रेडियस’ ह्या खेळाची चाचणी सुलभ व्हावी म्हणून योजिला होता. जपानमधील एका कार्यालयातील ही सोय महाराष्ट्रातील मुलांना मुखोद्गत व्हावी, आणि तीही मुद्रित साधनाशिवाय, ही लोकविद्येच्या अभ्यासकाने दखल घेण्याजोगी घटना आहे.

मौखिक परंपरेत पाठभेद होतात. तसा येथेही झाला. अनेकजण ह्या क्रमाच्या शेवटी ‘सिलेक्ट, स्टार्ट’ अशी दोन बटणे जोडतात. मूळ क्रमात ती नाहीत. ‘सिलेक्ट’ने दोन खेळाडूंचा पर्याय निवडला जातो व ‘स्टार्ट’ने खेळ सुरू होतो, एवढेच. परंतु भावंडे अथवा मित्र बहुधा जोडीने खेळत, म्हणून ही दोन बटणे मंत्राचाच भाग होऊन बसली. अर्थात हा प्रक्षेप निरर्थक नाही: खेळ एकट्याचा नव्हता, ह्याची नोंद त्याने जपून ठेवली आहे.

बुद्धिबळाशी तुलना

सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर ह्यांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळाची स्थापना केली. पूर्वी खेळलेला डाव नोंदीवरून पटावर पुन्हा मांडणे हा बुद्धिबळाच्या शिक्षणाचा पायाच आहे. १८५१ मध्ये लंडन येथे अँडरसन व किझेरित्स्की ह्यांच्यात झालेला २३ खेळ्यांचा सुप्रसिद्ध डाव सांगलीतील विद्यार्थी कोणत्याही पटावर, कोणत्याही सोंगट्यांनी मांडू शकतो, आणि त्यात तिळमात्र उणे येत नाही. डावाचे सर्वस्व नोंदीत आणि नियमांत आहे. साधन गौण आहे.

परंतु बुद्धिबळाच्या इतिहासातच ह्याची दुसरी बाजूही दिसते. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले, आणि शेवटच्या घरी पोचल्यावर त्या घराच्या मोहऱ्याचे रूप घेई. आंतरराष्ट्रीय नियम सर्वमान्य झाल्यावर ही पद्धती मागे पडली. पट होते, सोंगट्या होत्या, खेळाडूही होते. तरी तो खेळ खेळला जाईनासा झाला. ह्यावरून असे म्हणता येईल की, खेळ नष्ट होतो तो साधन मोडल्याने नव्हे, तर ज्या नियमव्यवस्थेत तो जगतो ती मावळल्याने.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत नियमव्यवस्था म्हणजे प्रोग्रॅम, आणि तो यंत्राशी जखडलेला असतो. जुन्या यंत्राचे वर्तन नव्या संगणकावर हुबेहूब वठविणारा प्रोग्रॅम, म्हणजे ‘एम्युलेटर’, ही अडचण बऱ्याच अंशी दूर करतो, सर्वांशी नाही. ‘डक हंट’मधील बंदुकीचा चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो व बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, बंदुकीतील प्रकाशसंवेदक तो टिपतो. ही योजना जुन्या काचनळीच्या संचाच्या तत्काळ उमटणाऱ्या चित्रावर बेतलेली आहे. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा येते आणि नेम फुकट जातो. तसेच मूळ जपानी यंत्र सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवी, तर भारतीय दूरचित्रवाणीची पद्धती ५० ची होती. ५० चित्रांवर चालणाऱ्या नकली यंत्रावर तोच खेळ सुमारे ५/६ वेगाने चाले. अशा यंत्रावर वाढलेल्या खेळाडूस आज ‘मूळ’ आवृत्ती अनोळखी रीतीने वेगवान वाटली तर ती त्याची स्मृतिचूक नव्हे. त्याचा ‘मारिओ’ खरोखरच निराळा होता. म्हणून जपानी किंवा अमेरिकी प्रत जतन झाली म्हणजे येथील खेळ जतन झाला, असे समजता येत नाही.

जतनाचा प्रश्न

अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात रीतसर उपलब्ध नाहीत. प्रत्यक्ष कर्त्याजवळही सामग्री सहजी राहत नाही. जॉर्डन मेकनर ह्यांच्या १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा मूळ प्रोग्रॅम हरवला होता, २०१२ मध्ये जुन्या चकत्यांचा एक खोका सापडल्यामुळे तो हाती आला.

नव्या खेळांची स्थिती ह्याहून नाजूक आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पबजी मोबाइल’वर भारतात बंदी आली, आणि काही आठवड्यांत लक्षावधी खेळाडूंचा खेळ थांबला. बंदीच्या योग्यायोग्यतेचा विचार येथे प्रस्तुत नाही. मुद्दा एवढाच की, दूरस्थ सर्व्हरवर जगणारा खेळ तो सर्व्हर बंद होताच कोणाच्याही हाती उरत नाही. त्याकडे परत जाण्याची वाटच राहत नाही. ३५ वर्षांपूर्वीची कॅसेट मात्र आजही चालू शकते.

कायदाही येथे पुरेसा साहाय्यक नाही. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमाच्या ५२ व्या कलमानुसार, संगणक प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे जवळ असणारास हानीपासून संरक्षण म्हणून दुसरी प्रत करता येते. २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा दिली. परंतु त्याकरिता त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत ग्रंथालयाजवळ आधी असावी लागते. कॅसेट ही स्वतःच अंकीय वस्तू आहे, आणि येथील बहुसंख्य कॅसेटी मुळातच परवानगीवाचून केलेल्या नकला होत्या. म्हणजे ज्या वस्तूंतून ह्या भागाने व्हिडिओ गेमचा परिचय करून घेतला, त्यांना दोन्ही तरतुदींचा आधार मिळणे कठीण आहे.

अशा स्थितीत प्रोग्रॅमच्या प्रतीपेक्षा वेगळे, परंतु तितकेच महत्त्वाचे असे एक कार्य अभ्यासकांना विनाअडथळा करता येण्याजोगे आहे. ते म्हणजे खेळण्याच्या रीतीची नोंद. यंत्रांची स्थानिक नावे, तासावर भाडे घेणाऱ्या दुकानांतील पद्धती, पाळी ठरविण्याचे नियम, टप्प्यांना व शत्रूंना मुलांनी दिलेली मराठी नावे, युक्त्यांचे पाठभेद आणि यंत्रांच्या चालण्याचा वेग, ही सर्व सामग्री आज चाळिशीच्या आसपास असलेल्या व्यक्तींच्या स्मरणात आहे. मुलाखती, वेष्टनांची छायाचित्रे आणि चालू स्थितीतील यंत्रांचे चित्रीकरण एवढ्यावर हे काम आरंभिता येईल. देशी बुद्धिबळाचे नियम कोणीतरी लिहून ठेवले म्हणून आज त्याचा विचार तरी शक्य होतो. सातारा-सांगलीतील कॅसेटींच्या काळाची तशी नोंद होण्यास अवधी आहे, पण तो अमर्याद नाही.