सायकलवरून उतरताच चक्कर का येते?

2019 च्या सप्टेंबरात मी मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. डेलावेअर राज्यात डोव्हर गावाच्या पश्चिमेला आमिश लोकांची वस्ती आहे. ही धर्मनिष्ठ शेतकरी मंडळी घरी जर्मन बोली बोलतात, मोटार बाळगत नाहीत, घोडागाडीने जातात. त्यांच्या शेतांमधून दरवर्षी सप्टेंबरात हौशी सायकलस्वारांची मोठी फेरी निघते. आमिश शाळेच्या थांब्यावर मिळणारा 'पाय', म्हणजे फळांचे सारण भरलेला भाजलेला गोड पदार्थ, खाण्यासाठीही पुष्कळजण येतात. मुलाने आपल्याबरोबर माझेही नाव घातले. अंतर 25 मैल, म्हणजे 40 किलोमीटर. माझे वय 52, रक्तदाबाची गोळी चालू आणि सायकल शेवटची चालवली ती कॉलेजात! रोग्यांना व्यायाम सांगणारा डॉक्टर स्वतः काय करतो, हे कृपया विचारू नये.

रस्ता सपाट, म्हणून जोरात निघालो. तासाभराने एका चौकात घोडागाडी आडवी आली. ब्रेक दाबला, उतरून उभा राहिलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलाने धरले म्हणून डोके फुटले नाही.

असे का झाले? पायडल मारताना पायांचे स्नायू जास्त रक्त मागतात व तेथील रक्तवाहिन्या रुंद होतात. पोटऱ्या आकसतात तेव्हा हे रक्त पिळल्यासारखे वर हृदयाकडे ढकलले जाते. पोटरी हा जणू दुसरा पंपच. आपण एकदम थांबलो की हा पंप बंद पडतो, पण वाहिन्या रुंदच राहतात. रक्त पायांत साचते, मेंदूला कमी पडते. घामाने पाणी गेलेले असेल किंवा रक्तदाबाचे औषध चालू असेल, तर हे लवकर होते.

अशा वेळी उभे राहू नये. आडवे पडून पाय उंच ठेवावेत. मी रस्त्याकडेच्या गवतात तसाच पडून राहिलो. गाडीवान आमिश गृहस्थ घोडा थांबवून पाहत होते. हे लोक सायकल फेरी काढत नाहीत, पण 2004 साली कॅनडातील आमिश शेतकऱ्यांच्या कमरेला पावले मोजण्याचे यंत्र लावून पाहिले, तेव्हा पुरुषांची रोजची सरासरी 18 हजारांवर भरली. आणि आम्ही वर्षातून एक दिवस चाळीस किलोमीटर!

तेव्हा लांबच्या फेरीआधी निदान सहा आठवडे रोज थोडी सायकल चालवावी. चालवताना बोलता आले पाहिजे, इतकाच वेग ठेवावा. शेवटची दहा मिनिटे हळू जावे. वाटेत थांबावेच लागले तर टाचा वरखाली करीत राहावे. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.

मात्र सायकल चालू असतानाच चक्कर आली, छातीत दाटले किंवा दम न बोलण्याइतका लागला, तर ते वेगळे दुखणे समजावे. तेथेच थांबावे व त्याच दिवशी ईसीजी काढावा. आणि हे वाचून रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नये. मीही केलेली नाही.